शार्कच्या टाकीत उतरायचंय? मग तयारी नागपुरातच करा

अमेरिकेत ऑर्लँडोला डिस्नीचं एपकॉट नावाचं थीम पार्क आहे, त्यात एक मोठ्ठं अ‍ॅक्वेरियम आहे, त्यात सिलेंडर लावून आत उतरता येतं आणि मग काचेबाहेरची माणसं आपल्याला बघत बसतात, असं बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा मी वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि पहिला प्रश्न विचारला की शार्क चावत नाही का. ती म्हणाली, तू आधी नीट पोहायला तर शीक. त्या फोनपासून पाण्यात उतरेपर्यंत चौदा महिने गेले. पाण्यातली चाळीस मिनिटं सोडली तर बाकी सगळं काम नागपुरात, मालवणात आणि धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरकडेच झालं. आता ओळखीतले, ज्यांची पोरं तिकडे आहेत, ते विचारून राहिले की कसं केलं, किती दिवस आधी सुरू करायचं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

ही टाकी आहे तरी किती

एपकॉटमध्ये 'द सीज' नावाचा भाग आहे. १९८६ च्या जानेवारीत तो सुरू झाला तेव्हा जगातली सगळ्यात मोठी अशी टाकी तीच होती. पाणी ५७ लाख गॅलन, म्हणजे आपल्या हिशोबात २ कोटी १५ लाख लिटर. उन्हाळ्यात कॉलनीत येतो ना तो दहा हजार लिटरचा टँकर, तसे साधारण २१५० टँकर ओतले तर ती भरेल. आकार गोल, आरपार जवळजवळ ६२ मीटर, आणि खोली २७ फूट, म्हणजे सव्वाआठ मीटर.

खोलीचा आकडा लक्षात ठेवा, पुढे कानाच्या वेळी लागेल.

तिथे डाइव्हक्वेस्ट नावाचा प्रोग्राम आहे, त्यात बाहेरच्या माणसांना आत नेतात. पाण्यात चाळीस मिनिटं, पण कागदपत्रं, माहिती, कपडे बदलणं, सामान चढवणं हे सगळं धरून अर्धा दिवस त्याच्या नावाने सोडा. लाटा नाहीत, प्रवाह नाही, बोट नाही त्यामुळे उलट्याही नाहीत, आणि पाणी इतकं साफ की समुद्रात तसं क्वचितच मिळतं. परिस्थितीच्या मानाने याच्यापेक्षा सोपी डाइव्ह नसेल. तरी ते कार्ड मागतात, म्हणजे सर्टिफाइड डायव्हर पाहिजे, आणि वय कमीत कमी १०. लहान मुलांसाठी पालकांच्या सह्या आणि सोबत मोठं माणूस वगैरे नियम आहेत, ते बुकिंगच्या वेळी नीट वाचा.

आणि हो, नागपूरहून फक्त यासाठी अमेरिकेला जाऊ नका. तिकडे कोणी आहे, जाणं होणारच आहे, तर ही गोष्ट त्यात बसवा. नुसती हौस असेल तर दुबई जवळ पडते, दुबई मॉलमधल्या १ कोटी लिटरच्या टाकीत डाइव्ह करता येते आणि तिथे कार्ड नसलेल्यांनाही आधी थोडं शिकवून मग उतरवतात. अटलांटाच्या जॉर्जिया अ‍ॅक्वेरियममध्ये व्हेल शार्क आहे, पण ते थीम पार्क नाही आणि तिथेही डाइव्हला कार्ड लागतंच.

पहिली पायरी: मालवणचा कागद म्हणजे कार्ड नव्हे

इथे निम्मे लोक गंडतात, मीही गंडलो होतो. मालवणला, गोव्याला, अंदमानला आपण जी वीस मिनिटांची स्कूबा करतो, जिथे मागून एक पोरगा आपलं सिलेंडर धरून असतो आणि आपण फक्त माशांना ब्रेड चारतो (चारू नका, माशांसाठी ते चांगलं नसतं), ती ट्राय डाइव्ह. वर आल्यावर फोटोसोबत एक रंगीत सर्टिफिकेट देतात. माझं ते लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलं होतं. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही पाण्यात गेला होता. टाकीवाले ते बघून हसतील, आत सोडणार नाहीत.

त्यांना पाहिजे ओपन वॉटर डायव्हरचं कार्ड. पाडी, एसएसआय अशा मान्य संस्थांचं. कोर्सचे तीन भाग असतात: थिअरी, ती बहुतेक ऑनलाइन होते म्हणून नागपुरात घरी बसून संपवता येते, मग स्विमिंग पूल किंवा उथळ शांत पाण्यातली स्किल्स, आणि शेवटी खऱ्या पाण्यात चार डाइव्ह. ते झालं की १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जायची परवानगी, आणि कार्ड एक्सपायर होत नाही. पण कार्ड घेऊन तीन वर्षं झाली आणि मध्ये एकदाही उतरला नाहीत तर आधी रिफ्रेशर करा. कार्ड विसरत नाही, हात विसरतात.

दुसरी पायरी: कान. बाकी सगळं नंतर

मी हे सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं ते सगळ्यात शेवटी केलं. माझ्या त्या पहिल्या ट्राय डाइव्हमध्ये मला इतक्या झपकन खाली नेलं की कान ठणकायला लागला, मी हाताने दाखवूनही राहिलो पण समोरच्याला वाटलं मी एन्जॉय करून राहिलो. वर आल्यावर आठ दिवस उजवा कान बंद, कोणी बोललं की माठात तोंड घालून बोलल्यासारखं.

कारण साधं आहे. समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. ऐकताना वाटतं की खोल गेल्यावर जास्त त्रास होत असेल, पण उलटं आहे, प्रमाणात बघितलं तर सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो. म्हणून सव्वाआठ मीटरची टाकी 'उथळ' असली तरी कानाला काही सूट नाही. पडद्यामागे जी हवा आहे ती दाबली जाते, पडदा आत ओढला जातो, आणि नाकातून कानाकडे जाणाऱ्या नळीतून तिथे नवीन हवा पोचवली नाही तर दुखतं, मग फाटतंही.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी काय केलं सांगतो, म्हणजे तुम्हाला काय विचारायचं ते कळेल. दुर्बीण कानात घातली आणि म्हणाले, आता नाक चिमटीत धरा, तोंड बंद, आणि हळूच नाकात फुंका, जोर नको. मी फुंकलं, आत 'पट्' झालं. म्हणाले, पडदा हलला, मला दिसला. डाव्या कानाचा लगेच हलला, उजव्याचा तिसऱ्या वेळी. नाकाचं हाड थोडं वाकडं होतं, ते म्हणाले चालेल, पण सर्दीत अजिबात जायचं नाही. पुढचा महिनाभर मी रोज सकाळी दाढी करताना दोन-चारदा हेच करायचो. बायको म्हणे, काय नाक धरून उभे राहता, कुठून वास येऊन राहिला का.

पाण्यातही हेच, फक्त तीन गोष्टी पाठ करा. दुखायच्या आधी फुंकायचं, दुखल्यावर नाही. दर अर्ध्या-एक मीटरला फुंकायचं, डोकं वर आणि पाय खाली ठेवून उतरायचं. आणि कान उघडत नसेल तर अर्धा मीटर वर या, पुन्हा करा, तरी नाही झालं तर त्या दिवशी डाइव्ह नाही. जोर लावून फुंकायचं नाही, अंतर्कानाला इजा होऊन कायमचं ऐकू येणं कमी झालेले लोक आहेत.

सोबत मेडिकल फॉर्म असतो. दमा, हृदय, फिट येणं, डायबेटिस, फुफ्फुसाचं काही, नुकतंच ऑपरेशन, असे प्रश्न असतात, एकालाही 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते. आपल्याकडे सवय आहे सगळ्यावर 'नाही' टिक मारून मोकळं व्हायची. इथे नका करू, भाऊ. प्रेग्नंट असाल तर हा विषयच पुढे ढकला.

तिसरी पायरी: पोहणं, आणि अंबाझरीचा पूल

कोर्सला साधारण दोन गोष्टी करून दाखवायच्या असतात: न थांबता २०० मीटर पोहणं, कुठल्याही स्ट्रोकने, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं तरंगणं. म्हणजे २५ मीटरच्या पूलमध्ये आठ वेळा. गावच्या विहिरीत शिकलेल्या माणसाला ताकदीचा प्रश्न नसतो, श्वासाचा असतो, दोन फेऱ्यांत धाप लागते कारण सगळा जोर पहिल्या फेरीतच काढतो.

मी नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) अंबाझरीकडच्या पूलमध्ये सकाळच्या बॅचला जायचो. एप्रिल-मे टाळा, अख्खं नागपूर पाण्यात असतं आणि सरळ एक लांबी पोहणं म्हणजे सीताबर्डीच्या शनिवारच्या गर्दीत धावणं. पावसाळ्यानंतरचे महिने बरे. मास्क आणि स्नॉर्केल ऑनलाइन मागवलं होतं, ते घालून उतरलो तर तिथले एक काका काठावर येऊन म्हणे, "काऊन भाऊ, चष्मा नाकावर काऊन घातला?" मुद्द्याचा प्रश्न आहे. नाक आत असतं म्हणूनच मास्कमध्ये हवा सोडून दाब सारखा करता येतो, पोहायच्या गॉगलमध्ये ते होत नाही म्हणून गॉगल घालून डाइव्ह करायची नसते.

या टप्प्यावर एकच सवय लावायची, नाक पाण्यात असताना तोंडाने श्वास घ्यायची. ऐकायला फालतू वाटतं. करून बघा: उथळ भागात उभं राहून, मास्क न घालता, स्नॉर्केल तोंडात, चेहरा पाण्यात, एक मिनिट. पहिल्यांदा नाकात पाणी गेलं की मेंदू ओरडतो वर ये. आठवडाभरात तो गप्प होतो. पुढे मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरायचं की नाही हे इथे ठरतं.

श्वास रोखून तळाशी बसायचे प्रयोग मात्र एकट्याने करू नका, चांगले पोहणारे त्यात बेशुद्ध होऊन गेले आहेत. आणि फुटाळ्यात, अंबाझरी तलावात 'जरा ट्राय करतो' असं डोक्यात आलं असेल तर काढून टाका.

चौथी पायरी: कोर्स कुठे

नागपूरला समुद्र नाही ही आपली मूळ अडचण. मी मालवणजवळ तारकर्लीला केला, कारण भाषा आपली, आणि नागपूर-मडगाव स्पेशलने कुडाळला उतरलं की पुढे रिक्षा. ट्रेनमध्ये जवळपास पूर्ण एक दिवस जातो पण थिअरीची उजळणी होते. दुसरे पर्याय म्हणजे अंदमानचं स्वराज द्वीप, ज्याला लोक अजून हॅवलॉकच म्हणतात, पाणी तिथे जास्त साफ, गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, पुदुच्चेरी. कोकणात पावसाळ्यात सगळं बंद असतं, तेव्हा ऑक्टोबरनंतरचं ठरवा. चार-पाच दिवस हातात ठेवा. खर्च जागेप्रमाणे बदलतो, मला सगळं मिळून तीसेक हजार लागले, राहणं वेगळं.

ठिकाण निवडताना पैशाआधी एक प्रश्न विचारा, एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी असतात. आणि कान उघडायला वेळ लागला तर थांबाल का, असं सरळ विचारा. ज्याने हसून उडवलं त्याच्याकडे जाऊ नका.

कोर्सची स्किल्स इथे शिकवत बसत नाही, ते इन्स्ट्रक्टरचं काम आहे. पण एक नियम सगळ्यांच्या वर आहे: सिलेंडरची हवा घेत असताना श्वास कधीच रोखायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. आठ मीटरवर भरलेली छाती बंद करून वर आलात तर तीच हवा जवळजवळ पावणेदोन पट होऊ बघते आणि फुफ्फुसाला तेवढी जागा नसते. मीटर-सव्वा मीटरवरूनही इजा होऊ शकते, म्हणून 'टाकी तर उथळ आहे' हे वाक्य इथे चालत नाही.

आणि अंगठा. आपण खुश झालो की अंगठा दाखवतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. मी मालवणात दोनदा 'मस्त!' म्हटलं आणि दोनदा मला वर आणलं. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. मान डोलवणं तर पूर्ण विसरा.

पाचवी पायरी: हात बांधायला शिका

समुद्रात हातपाय मारले तर फार तर जोडीदाराला लागतं, टाकीत तुमच्या डोक्यावरून रे (पाकट मासा) जाते, बाजूने कासव जातं, खाली सजावट, आणि तुम्ही पाहुणे. म्हणून टाकीवाल्यांना तुमचा पराक्रम नको असतो, तुम्ही पाण्यात एका जागी शांत तरंगून राहू शकता का एवढंच पाहिजे असतं. याला बॉयन्सी म्हणतात आणि सगळं स्कूबा शेवटी इथे येऊन अडतं.

प्रॅक्टिस अशी करा. तळापासून थोडं वर, आडवे व्हा, हात छातीवर घडी घालून किंवा बोटं एकमेकांत अडकवून ठेवा. आता फक्त श्वासावर खेळायचं. श्वास भरला की तुम्ही हळूहळू वर, सोडला की खाली, पण लगेच नाही, दोन-तीन सेकंदांनी. नवा माणूस तो वेळ देत नाही, श्वास घेतला, काही झालं नाही म्हणून अंगावरच्या हवा भरायच्या जॅकेटमध्ये हवा भरतो, मग एकदम फुग्यासारखा वर जातो, घाबरून सगळी हवा सोडतो, आणि दगडासारखा खाली. मी पहिल्या दोन दिवसांत लिफ्टच होतो. इन्स्ट्रक्टरने शेवटी पाटीवर लिहून दाखवलं, 'काही करू नको'. पाय सायकल मारल्यासारखे गुडघ्यातून नाही, कमरेतून, हळू.

पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्याला वजनं लावतात, त्याचं गणित इथेच समजून घ्या. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड असतं, म्हणून पूलमध्ये जेवढं वजन पट्ट्याला पुरलं त्यापेक्षा दोन-अडीच किलो जास्त लागतं. ऑर्लँडो काही समुद्रावर नाही, तरी टाकीत पाणी खारंच आहे, ते मीठ घालून तयार केलेलं. शिवाय तिकडे अ‍ॅल्युमिनियमचे सिलेंडर असतात, ते रिकामे होत आले की हलके होऊन तुम्हाला वर ओढतात, तेव्हा सुरुवातीला अगदी बरोबर वाटलेलं वजन शेवटी कमी पडतं. वहीत लिहून ठेवा: माझं वजन इतकं, सूट असा, पाणी असं, पट्ट्याला इतके किलो. तिकडे ते पाउंडात विचारतील, किलोला सव्वादोनने गुणा.

तसंच हवेचं. सिलेंडरमधला दाब आपण 'बार' या मापात शिकतो, २०० बार म्हणजे भरलेला, ५० बार म्हणजे वर यायची वेळ. तिकडच्या मीटरवर ३००० आणि ७०० असे आकडे दिसतात, पीएसआय या त्यांच्या मापात. पहिल्यांदा बघून मला वाटलं मीटर बिघडलंय.

सहावी पायरी: बुकिंग, विमान, सर्दी

बुकिंग लवकर करा, जागा मोजक्या असतात, दर डॉलरमध्ये तीन आकडी आहे आणि बदलत राहतो, म्हणून मी आकडा लिहीत नाही. पार्कचं तिकीट त्यात धरलंय की वेगळं, हेही त्याच वेळी बघा. कार्डचा स्क्रीनशॉट फोनमध्ये आणि एक प्रिंट पासपोर्टसोबत ठेवा, रोमिंग आयत्या वेळी दगा देतं. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये स्कूबा अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट म्हणून वगळलेलं असतं.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी डाइव्ह ठेवू नका. इतक्या लांबच्या विमानप्रवासात नाक कोरडं पडतं, झोप होत नाही, अर्ध्या लोकांना शिंका सुरू. तीन-चार दिवस मध्ये जाऊ द्या. सर्दी झालीच तर गोळी खाऊन नाक उघडून जाऊ नका: गोळीचा असर खाली असतानाच संपला तर हवा कानात अडकते आणि वर येताना दुखतं, जे खाली जाताना दुखण्यापेक्षा वाईट, कारण वर तर यावंच लागतं.

परतीचं विमान मात्र डाइव्हच्या दिवशी नको. एकच डाइव्ह केली असेल तर कमीत कमी १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही असा सर्वसाधारण नियम आहे. टाकी उथळ असली तरी मी पूर्ण एक दिवस सोडला.

चष्मेवाल्यांसाठी: मास्कमध्ये चष्मा बसत नाही. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, नाहीतर नंबरचा मास्क मिळतो. बाकी सगळं सामान ते देतात, सूट, सिलेंडर, जॅकेट, फिन्स. मास्कही देतात पण चेहऱ्याला बसलेला आपला असला की निम्मी चिंता जाते. नवीन मास्कच्या काचेला आतून टूथपेस्ट चोळून दोन-तीनदा धुवा, कारखान्यातला थर निघाला नाही तर कितीही थुंकी लावा, धुकं येतच राहतं. मिशीवाल्यांनी नाकाच्या लगत अर्ध्या बोटाची पट्टी ट्रिम करा, नाहीतर तिथून पाणी झिरपतं. माझ्या मिशीचं वीस वर्षांत पहिल्यांदा काही झालं ते इथे. कॅमेरा घेऊन जाऊ देत नाहीत, व्हिडिओ ते काढून विकतात, घ्यायचा का ते घरूनच ठरवून जा.

आदल्या रात्री सावजी मटण मिळालंच तरी खाऊ नका. गंमत म्हणून नाही सांगून राहिलो, पाण्याखाली ढेकर आणि आंबट दोन्ही तोंडातल्या त्या रबराच्या तुकड्यातूनच बाहेर काढावं लागतं.

त्या दिवशी, आत

आधी फॉर्म, कार्ड, मग टाकी कशी चालते ते दाखवतात. नियम सांगतात: कशालाच हात लावायचा नाही, कोणाच्या मागे पोहायचं नाही, वाट त्यांची. प्राण्यांचं खाणं ठरलेल्या वेळी दिलं जातं, आपल्या खिशातून काही नाही. सूट घालताना घाम फुटतो, तो घाम आत विसरतो. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं, ऐकून आपल्याला हसू येतं, पण नागपूरच्या अंगाला चाळीस मिनिटांत हुडहुडी भरते. लाज न बाळगता जाड सूट मागा.

उतरताना माझं सगळं लक्ष उजव्या कानावर होतं. एक मीटर, पट्. दोन मीटर, नाही. वर आलो अर्धा मीटर, गिळलं, नाक धरलं, पट्. बाकीचे खाली पोचून वर बघत होते, बघू द्या. जो घाई करतो त्याचा कान जातो, ग्रुपचा नाही.

तळाशी पोचून हात घडी घातली आणि मग वर पाहिलं. ठिपक्यांची इगल रे सरळ डोक्यावरून गेली, पोट पांढरंशुभ्र, पंख हलवायची घाई नाही, घारीसारखी. शार्क डाव्या बाजूने आला. पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव हिश्शाने जवळ दिसतात हे मला पाठ होतं, तरी पोटात गोळा आला. डोळा दिसला, गोल, त्यात काही भाव नाही, आणि अंगावरची कातडी सँडपेपरसारखी निस्तेज. त्याने मला पाहून जेवढं लक्ष दिलं तेवढंच लक्ष बर्डीच्या मेन रोडवर बसलेली गाय स्कूटरकडे देते. वळला आणि गेला. माझा श्वास मात्र दुप्पट चालला होता, मीटर पाहिलं तर पाच मिनिटांत बऱ्यापैकी हवा उडवलेली. अशा वेळी एकच करा, श्वास सोडायचा तो मोठा करा. घ्यायचा आपोआप होतो.

काचेजवळ जायची पाळी येते तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा की काचेला चिकटून उभे राहा, बाहेर अंधार असतो आणि आतून लांबचं माणूस नुसती सावली दिसतं. भाच्याने दोन्ही हात आणि नाक काचेला लावलं होतं, म्हणून मला सापडला. मी हात हलवला तर तो मागे पळाला, त्याला वाटलं मामा बाहेर येऊन राहिला. एका बाजूला कोरल रीफ नावाचं रेस्टॉरंट आहे, त्याच्या खिडक्या टाकीतच उघडतात. तिथे एक आजोबा काट्याला माशाचा तुकडा लावून माझ्याकडे बघत बघत चावून राहिले होते. मी ओकेची खूण केली, त्यांनी अंगठा दाखवला. क्षणभर मी वर जायला निघालो होतो.

वेळ संपली की सावकाश वर, श्वास चालू ठेवून. बाहेर आल्यावर आधी कान, मग कपडे: कान कोरडे करा, काडी घालू नका. गरम पाण्याची अंघोळ आणि खाणं, भूक सडकून लागते, बहिणीने डब्यात थालीपीठ दिलं होतं ते पार्किंगमध्ये उभ्यानेच संपवलं. लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, गाइडची सही मात्र अंग कोरडं झालं की लगेच घ्या, नंतर राहून जाते. लॉगबुकात खोली लिहिली २७ फूट, वेळ ४० मिनिटं, पाणी खारं. मालवणात घेतलेल्या त्या वहीत एक रकाना आहे, 'बोटीचं नाव'. तिथे काय लिहायचं ते मी सोबतच्या गाइडला विचारलं, त्याने हसून रेघ मारली आणि खाली सही केली.